पाटीला ऊन लागतंय का?

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. सोलापूरपासून बराच लांब, एका उघड्या माळावर, लोखंडी खांबाला मला बांधलेलं आहे. माझ्यासमोर सिमेंटची एक उथळ टाकी आहे. उन्हाळ्यात टँकर येऊन ती भरून जातो आणि मग काळवीट, खोकड, तितर, कधीमधी लांडगाही तिथं पाणी प्यायला येतो. माझ्या डोक्यावर एक निळी सोलर प्लेट आहे. ती उन्हातून वीज करते आणि एका काळ्या वायरीतून माझ्या पोटातल्या बॅटरीत पाठवते. तिचं तोंड आभाळाकडे, माझं जमिनीकडे. इतकी वर्षं आम्ही एकत्र आहोत, तिच्यावरच मी जगतो, पण मी तिला एकदाही पाहिलेलं नाही.

मी काही माळावर राहण्यासाठी जन्मलो नव्हतो. दूरच्या एका कारखान्यात माझे स्क्रू आवळले गेले, कुणीतरी मऊ फडक्याने माझी काच पुसली आणि मला खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं ते एकदम सोलापुरात, नवी पेठेतल्या एका दुकानात. समोर पांढऱ्या सदऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ उभे होते. त्यांचं नाव धर्मपाल. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते.

"वायर ओढायची भानगड नाही, काका," दुकानदार त्यांना सांगत होता. "निव्वळ उन्हावर चालतो."

"उन्हावर?" धर्मपाल हसले. "मग सोलापुरात हा उपाशी मरायचा नाही."

त्यांनी मला जुळे सोलापुरातल्या आपल्या घरी नेलं आणि फाटकाच्या खांबावर बसवलं. त्या घरात तेव्हा दोनच माणसं होती. धर्मपालांच्या पत्नी मीनाबाई आदल्या वर्षी वारल्या होत्या. मुलगी तेजश्री वनरक्षक म्हणून नोकरीला लागली होती आणि दिवसभर मोटारसायकलवर रानोमाळ फिरत असे. उरलेला दिवस धर्मपाल एकटे.

माझं काम सोपं होतं. फाटकापाशी काही हललं की मी जागा व्हायचो, चित्र टिपायचो आणि धर्मपालांचा मोबाईल वाजवायचो. शेजारचे लोक मला पाहायला आले. "भारी चीज आणली की, धर्मपालराव," असं म्हणाले. दूधवाला तर माझ्या काचेत पाहून रोज केस सारखे करायचा. संध्याकाळी तेजश्रीची मोटारसायकल वळणावर आली की मी वर्दी द्यायचो. ती पायांतले बूट काढेपर्यंत आत चहाला उकळी आलेली असायची. त्या चहात माझाही थोडा वाटा आहे, असं मला वाटायचं.

दुपारी ऊन डोक्यावर आलं की धर्मपाल बाहेर येत. स्टुलावर चढून प्लेटवर आपला तळहात ठेवत आणि माझ्या पोटावरच्या लाल ठिपक्याकडे पाहत. प्लेटकडून वीज येत असली की तो ठिपका पेटलेला असतो. हात ठेवला की विझायचा, हात काढला की पुन्हा लागायचा.

"जेवतोय," धर्मपाल स्वतःशीच म्हणायचे आणि समाधानाने आत जायचे.

ते दिवस चांगले होते. पण पुढे कॉलनीने वर्गणी काढून रस्त्याच्या दोन्ही टोकांना मोठे, वायरीचे कॅमेरे बसवले. त्याच सुमारास घराला रंग द्यायचा म्हणून मला आणि प्लेटला खाली उतरवलं. भिंती रंगल्या, वाळल्या, पण आम्हाला पुन्हा वर चढवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. आम्ही दोघं खोक्यात गेलो आणि खोकं कपाटात, मीनाबाईंच्या घडी घातलेल्या शालींच्या खाली.

मित्रांनो, अंधारात प्लेट काय करणार? माझी बॅटरी हळूहळू उतरत गेली आणि एके दिवशी मी विझलो. त्यानंतर किती काळ गेला, मला ठाऊक नाही.

जाग आली ती कडक उन्हात. कानावर तेजश्रीचा आवाज पडला.

"चालू झाला, बाबा! मला वाटलं होतं, गेला असेल."

"जाईल कसा? ऊन मिळालं नव्हतं त्याला, एवढंच," धर्मपाल म्हणाले.

मी पाहिलं तर फाटक नव्हतं, रस्ता नव्हता, दूधवाला नव्हता. चारही बाजूंना पिवळं गवत आणि वर पांढरट आभाळ. तेजश्रीच्या हद्दीतला हा माळ. तिथल्या पाणवठ्याची टाकी उन्हाळ्यात केव्हा कोरडी पडते, ते तिला कळायचं नाही. ती पोचेपर्यंत तहानलेली जनावरं येऊन परत गेलेली असायची. म्हणून वनखात्यातल्या साहेबांना विचारून तिनं घरचा जुना कॅमेरा इथं लावायचं ठरवलं होतं. माझ्या पोटात नवं सिमकार्ड घातलं होतं. रेंजच्या कधी दोन काड्या यायच्या, कधी एक.

"प्लेटचं तोंड दक्षिणेकडं कर," धर्मपाल खाली उभं राहून सांगत होते. "आणि नुसत्या मोबाईलवरच्या बॅटरीच्या आकड्यावर विसंबू नकोस. अधूनमधून भर उन्हात ये, प्लेटवर हात ठेव. ठिपका विझला तर समज, ऊन पोटात जात होतं. विझायला ठिपकाच नसेल, तर वायर बघ, धूळ बघ."

"हो, बाबा. किती वेळा सांगाल?"

मग मोटारसायकल सुरू झाली. दोघांच्या पाठी लहान होत होत गवतात दिसेनाशा झाल्या.

त्या दिवसापासून मी माळावर आहे. जुळे सोलापुरात दिवसभर काही ना काही हलायचं. इथं नुसतं गवत हलतं, आणि गवत हललं म्हणून जागं व्हायचं नाही, असं तेजश्रीनं मला शिकवून ठेवलं होतं. त्यामुळे मी तासन्‌तास झोपलेला असे. जाग आली की समोर एखादी हरिणी मान वर करून उभी दिसायची. ती पाणी प्यायची, निघून जायची, की पुन्हा सगळं सामसूम. फाटकावर होतो तेव्हा येणारी माणसं माझ्याकडे बघायची. इथल्या जनावरांना मी खांबाइतकाच. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, कुणी केस सारखे केले नाहीत.

असाच एके सकाळी मी जागा झालो, तर समोर मेंढरंच मेंढरं. टाकीभोवती दाटीवाटी करून ती पाणी पीत होती. मागे एक उंच, वाळका म्हातारा काठीवर रेलून उभा होता. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी आणि पायाशी एक काळं कुत्रं. मी मोबाईलवर वर्दी दिली. मला बोलायलाही येतं. म्हणजे तेजश्री मोबाईलमध्ये बोलली की तिचा आवाज माझ्यातून बाहेर पडतो.

"कोण आहे तिकडं पाणवठ्यावर?" ती म्हणाली.

म्हातारा दचकला. त्यानं चहूकडं पाहिलं, मग वर पाहिलं आणि काठी उगारली.

"कोन हाय रं खांबात?"

"खांबात नाही, मी वनरक्षक बोलतेय, तेजश्री. हे रानातल्या जनावरांचं पाणी आहे, मामा."

"मंग माजी मेंढरं काय शहरातली हायती व्हय?"

पलीकडून हसू ऐकू आलं. "पाजा, मामा. पण टाकी तळाला नेऊ नका. मागून येणाऱ्यांना राहू द्या."

"ते मला सांगावं लागतंय व्हय? लांडगा बी हितंच येतोय की. त्येचा वाटा ठेवूनच पाजतो." म्हाताऱ्यानं काठी खाली घेतली. "बिरप्पा माजं नाव. त्या टेकाडाच्या पल्याड खोपट हाय माजं. बजाबाई, माजी कारभारीन, ती गेली. आता मी, मेंढरं आन ह्ये कुत्रं."

"मुलंबाळं?"

"एक हाय. ज्ञानू. टेंभुर्नीला हायवेवर पंचरचं दुकान हाय त्येचं. 'आन्ना, चल' म्हनतोय. मी गेलो तर हितं मेंढरांकडं कोन बघायचं?"

त्यानंतर बिरप्पा रोज येऊ लागला. मेंढरं पाणी पिऊन पांगली की तो माझ्या खांबाच्या काठीएवढ्या सावलीत पाठ टेकून बसायचा. तेजश्रीला प्रत्येक वेळी बोलायला सवड नसायची. पण बिरप्पाला त्याचं काही नव्हतं. तो माझ्याशीच बोलायचा. कोणती मेंढी व्यायली, कोणत्या कोकराचा पाय मुरगळला, बजाबाई ताकात मीठ जास्त घालायची, असलं काहीबाही. मला उत्तर देता येत नव्हतं. फाटकावर असताना माझ्यासमोरून शेकडो माणसं गेली असतील, पण माझ्याशी गप्पा मारणारं हे पहिलंच माणूस.

होळी झाली आणि वारे सुटले. माळावरची धूळ भिरभिरत उठायची आणि मोकळ्या जागी जे सापडेल त्यावर बसायची. माझी बॅटरी उतरू लागली. एका सकाळी बिरप्पा आला तेव्हा तेजश्रीच बोलली.

"मामा, माझं एक काम कराल? कॅमेऱ्याला वीज पोचत नाहीये बहुतेक. मला आज तिकडं येणं जमत नाही."

"मला अडान्याला काय कळतंय त्यातलं?"

"मी सांगते की. खांबावरची निळी प्लेट दिसते का? तेवढी पुसून घ्या."

"ती पाटी व्हय?" बिरप्पा खांबाशेजारच्या धोंड्यावर चढला. त्यानं पटका सोडला आणि त्याच्या शेवटानं प्लेट पुसली. त्याचा घामेजलेला, सुरकुतलेला चेहरा माझ्या काचेच्या अगदी जवळ आला.

"आता कॅमेऱ्याच्या पोटावर लाल ठिपका दिसतोय का बघा."

"न्हाय की."

"मग त्याच्या मागं काळी वायर शिरलीय, ती जरा दाबा. घट्ट."

त्याची जाड बोटं माझ्या पाठीशी चाचपडली. वाऱ्यानं हलून हलून वायर ढिली झाली होती. त्यानं ती दाबली आणि माझ्या अंगात ऊब शिरावी तशी वीज शिरली.

"आला! लाल ठिपका आला गं, लेकी!" बिरप्पा लहान मुलासारखा ओरडला. कुत्रंही भुंकायला लागलं.

"आता प्लेटवर हात ठेवून बघा. विझतो का?"

"इजला. काढला की पुन्यांदा लागला. लई गंमत हाय की!" तो धोंड्यावरून उतरला. "तू कशाला एवढ्या लांबनं येतीस? रोज मी पुसत जाईन. मला तरी दुसरं काय काम हाय?"

आणि खरंच, मित्रांनो, त्यानं ते काम अंगावर घेतलं. रोज सकाळी मेंढरं टाकीकडं सोडली, की आधी धोंड्यावर चढायचा, पटक्यानं प्लेट पुसायचा, तळहात ठेवायचा, काढायचा. मग माझ्या काचेत डोकावून विचारायचा, "काय रं डोळ्या, पाटीला ऊन लागतंय का?" ठिपका पाहिला की त्याचं उत्तर त्याला मिळायचं. बॅटरीचा आकडा कधी खाली आला नाही. तेजश्रीही निर्धास्त झाली. त्या उन्हाळ्यात तिला दूरच्या डोंगराकडं वणवे विझवायच्या कामावर पाठवलं होतं; तिथून ती मोबाईलवर टाकीतलं पाणी तेवढं बघायची आणि टँकर पाठवायची.

मग एका सकाळी बिरप्पा आला नाही.

मी वाट पाहिली. ऊन चढलं. हरिणी आली, पाणी पिऊन गेली. मेंढरांचा आवाज काही आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वारा जोरात होता, आणि प्लेटवर धूळ बसत असणार, हे मला विजेवरून कळत होतं. ती पातळ होत चालली होती.

आता माझी अडचण तुम्हाला सांगतो. कुणी आलं, की मी वर्दी देतो. कुणी आलं नाही, याची वर्दी देणारं बटण माझ्यात नाही. रोज येणारा माणूस आला नाही, हे मला समोर दिसत होतं, पण ते सांगायचं कसं? त्याबाबत मी गप्प होतो, आणि माझा गप्पपणा तेजश्रीला ठीकठाक वाटत होता.

पुढं आकडा फारच खाली गेला, तेव्हा तिचं लक्ष गेलं. एका दुपारी तिचा आवाज माझ्यातून माळावर घुमला.

"मामा, आहात का? प्लेट जरा पुसता का?"

टाकीवरचा एक चंडोल तेवढा उडाला.

"मामा?"

टेंभुर्णीला गेले असतील लेकाकडं, असं ती पुटपुटली, आणि आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकलचा आवाज आला. तेजश्रीच्या चेहऱ्यावर वणव्याची काजळी होती. ती सरळ खांबाशी आली. बाबांनी शिकवलं होतं तसं तिनं एकेक पाहिलं. वायर दाबून पाहिली, घट्ट होती. ठिपका पाहिला, अगदी मिणमिणता होता. प्लेटवर हात ठेवला, ठिपका विझला. हात काढला, पुन्हा लागला. तिनं मोबाईल कानाला लावला.

"बाबा, प्लेट चालतेय. वायरही ठीक आहे. मग आकडा का पडतोय?"

पलीकडून धर्मपाल काहीतरी बोलले. तेजश्री धोंड्यावर चढली. तिनं प्लेटवरून बोट ओढलं असावं, कारण त्या बोटाच्या रुंदीएवढं ऊन मला चटकन जाणवलं. तिनं ते बोट डोळ्यांसमोर धरलं. त्यावर मातीचा जाड थर होता.

ती तशीच उभी राहिली, बोटाकडे बघत.

"बाबा," ती सावकाश म्हणाली, "प्लेट बिघडलेली नाही. ती पुसलीच नाही कुणी. कितीतरी दिवस पुसलेली नाही." तिनं खाली पाहिलं. टाकीभोवतीच्या चिखलात हरणांचे खूर उमटले होते, मेंढरांचे नव्हते. "बाबा, बिरप्पामामा आलेच नाहीत इकडं!"

तिनं फोन बंदही केला नाही. प्लेटही पुसली नाही. मोटारसायकलला किक मारून ती टेकाडाच्या दिशेनं सुटली, नुसत्या गवतातून, वाट नसलेल्या बाजूनं. मी तिला दिसेल तिथवर पाहिलं. संध्याकाळी माझी बॅटरी संपली आणि मी विझलो. पुढं काय झालं, ते मला कळलं नाही. त्यासारखी वाईट गोष्ट नाही, मित्रांनो. निदान काय झालं ते तरी कळावं.

मी पुन्हा जागा झालो तेव्हा खाली धर्मपाल आणि तेजश्री बसले होते. प्लेट पुसून झाली होती. दोघांनी डबा सोडला होता, पण तेजश्रीचा घास हातातच होता.

त्यांच्या बोलण्यातून मला समजलं. मेंढरं कोंडायच्या दगडी आवारात बिरप्पा पाय घसरून पडला होता. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं. सरपटत तो कसाबसा खोपटाच्या दारापर्यंत आला आणि तिथंच पडून राहिला. हाताशी पाण्याची घागर होती म्हणून जीव तगला. कुत्रं त्याच्याजवळून हललं नाही. त्याच्या हाका ऐकायला माळावर दुसरं कुणीच नव्हतं. तेजश्रीनं गाडी बोलावली, सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, ज्ञानूला कळवलं. पायाचं ऑपरेशन झालं.

"आणखी उशीर झाला असता तर..." एवढं म्हणून ती थांबली. मग म्हणाली, "बाबा, मोबाईल वाजला नाही, म्हणून मी समजत होते सगळं बरं चाललंय. मी हाक मारली, ते बोलले नाहीत, तरी मला वाटलं, असतील लेकाकडं. मी आले ती प्लेट बघायला. त्यांना बघायला नाही."

धर्मपालांनी डबा बाजूला ठेवला. "हा फाटकावर होता ना, तेव्हा तुझी गाडी आली की वाजायचा. तुला यायला उशीर झाला की मात्र गप्प. ते मी घड्याळाकडं बघूनच ओळखायचो." मग ते म्हणाले, "प्लेट बघायला का होईना, आलीस ना? खा आता."

बिरप्पाला चालता येऊ लागलं, पण काठीच्या आधारानं, तेही अंगणापुरतं. ज्ञानूनं त्याला टेंभुर्णीला नेलं. मेंढरं त्याचा पुतण्या सिद्धप्पा घेऊन गेला. कुत्रं बिरप्पाबरोबर गेलं. टेकाडापलीकडचं खोपट रिकामं झालं, असं तेजश्री एकदा म्हणाली.

त्यानंतरचे महिने मला फार लांब वाटले. तेजश्री येते, प्लेट पुसते, तळहात ठेवते, जाते. ती कामाची माणूस आहे. तिला चार ठिकाणी जायचं असतं. सकाळी मेंढरांच्या वेळेला मला उगाच जाग आल्यासारखं वाटे. समोर पाहावं तर टाकी आणि तिच्यातलं आभाळ. एकदा लांडगा आला. पाणी पिऊन त्यानं मान वर केली, टेकाडाकडं बराच वेळ कान टवकारले आणि मग तोही आल्या वाटेनं गेला. काचेवर कोळ्यानं जाळं विणलं होतं, तेवढीच काय ती सोबत.

पुढचा उन्हाळा आला आणि माझी बॅटरी पुन्हा उतरू लागली.

या वेळी तेजश्रीनं एक दिवसही दवडला नाही. धर्मपालांना मागं बसवून ती भर दुपारी आली. प्लेट पाहिली, लख्ख होती. वायर पाहिली; घट्ट होती. तळहात ठेवला, काढला. ठिपका कसा खणखणीत लाल.

"चार्ज तर होतंय, बाबा. मग बॅटरी जाते कुठं? जुनी झाली वाटतं."

धर्मपालांनी तिचा मोबाईल हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला. "कुणी सारखं याच्यातून बघतंय का? बघत बसलं की हा जागा राहतो, आणि जागा राहिला की बॅटरी पळते."

"माझ्याशिवाय कुणाकडं आहे हा..." तेजश्री बोलता बोलता थांबली. दवाखान्यात बिरप्पा माळाची आठवण काढून जेवेना, तेव्हा तिनं ज्ञानूच्या मोबाईलवर मला जोडून दिलं होतं. नंतर ती ते विसरून गेली होती. तिनं ज्ञानूला फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडं ट्रकांची घरघर आणि हॉर्न.

"व्हय, ताई," ज्ञानू म्हणाला. "सकाळी दुकान उगडलं की माजा मोबाईल आन्नाच्या हातात. आदी थोडा येळ बघायचा, आता उन्हाळा लागल्यापासनं दिवसभर माळच बघत बसतोय. गिऱ्हाइकाला नंबर द्यायचा म्हटलं तरी मला माजा मोबाईल गावत न्हाय. तुमची ब्याटरी जातीय व्हय? बंद करू का?"

तेजश्रीनं मान वर करून माझ्या काचेकडे पाहिलं.

"ताई?"

"नको," ती म्हणाली. "बंद करू नका. मामांना द्या फोन."

थोडी खुडबुड झाली आणि तो आवाज आला. किती दिवसांनी!

"लेकी, चोरून बगत न्हवतो बरं का. तितं कोन तरी बगाया पायजे की, म्हनून बगतो. टाकीला डाव्या अंगाला चीर पडलीया, पानी झिरपतंय. रातचं भरलेलं सकाळी कमी दिसतंय. मिस्तरी धाड."

तेजश्रीनं वळून पाहिलं. टाकीच्या डाव्या बाजूची माती ओली होती. तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मामा, एवढं रोज बघता, तर बोलत का नाही कधी? बोलायचं बटण आहे की त्याच्यात."

"ठावं हाय की मला. ज्ञानूनं दावलंय." बिरप्पाचा आवाज हळू झाला. "पन बोलून काय करू? पान्यावरची जनावरं बुजतील. बिचारी लांबनं आल्याली असत्यात."

तेजश्रीनं पाठ फिरवली. धर्मपालांनी तिच्या हातून मोबाईल घेतला आणि म्हणाले, "बिरप्पाभाऊ, तुम्ही बघा निवांत. इकडची काळजी आम्ही घेतो."

पुढच्या खेपेला ते दोघं आले, तेव्हा मोटारसायकलला एक नवं खोकं बांधलेलं होतं. धर्मपालांनी खालून धरलं, तेजश्रीनं वर चढून बसवलं. माझ्या डोक्यावर आता दोन प्लेटा आहेत. मिस्त्री येऊन टाकीची चीरही बुजवून गेला.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या छपरावर, फाटकावर, शेतात माझ्यासारखं कुणी उन्हावर जगत असेल, तर नुसत्या आकड्यावर त्याला सोडू नका. भर दुपारी जा, धूळ पुसा, तळहात ठेवून बघा. आणि एखादं रोजचं माणूस दिसेनासं झालं, तर मोबाईल वाजायची वाट बघू नका. येणाऱ्याची वर्दी देणारी यंत्रं पुष्कळ निघाली आहेत; न आलेल्यासाठी मात्र कुणीतरी उठून त्याच्या दारापर्यंत जावं लागतं.

माळ अजून तसाच आहे. दिवसच्या दिवस माझ्यासमोर माणूस फिरकत नाही. पण सकाळी केव्हातरी, काही हललेलं नसतानाही, मला अचानक जाग येते. बॅटरी हळूहळू उतरू लागते. टेंभुर्णीला दुकान उघडलेलं असतं. मग मी माझी काच टाकीवर स्थिर ठेवतो, आणि आम्ही दोघं काही न बोलता पाण्याकडे बघत बसतो.